मागापलीकडे

मिरजेच्या दवाखान्यात माझी बायको रंगू वारली, हा निरोप आला तेव्हा मी माधवनगरच्या गिरणीत मागावर होतो. मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघून बोलणं ओळखतो. आमच्यावरचा मुकादम, जॉबर आप्पासो म्हणाला, "गड्या, बदली माणूस न्हाई. पाळी संपवून जा." मी मान डोलावली. गिरणीत कुणालाच मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

दिवस घालून कामावर परत आलो. आता रोज मागापलीकडे रंगू उभी असते. तिचे ओठ हलतात, "आवं, समद्यास्नी व्हय म्हणता, मग माझ्यासंगं चला की."

मी मान खाली घालून तुटलेलं सूत जोडत राहतो. घरी लेक लहान आहे. तरी रंगूला नाही म्हणायचं अजून राहिलंय.