कलमाची खोप

सोन्याने आंब्याच्या कलमाभोवती कारवीच्या काठ्या रोवल्या, वर भाताचा पेंढा पसरला आणि खोपीच्या तोंडाशी निखाऱ्यांचं खापर ठेवलं. मागे सरून बघितलं. मग खापर आणखी थोडं आत सारलं. कालच्या हिवाने पलीकडच्या खोऱ्यात केळी काळ्या पडल्या होत्या.

कलम जव्हार दरबारच्या बागेतलं, त्याच्या होणाऱ्या सासऱ्याला, ढवळूला, बक्षीस मिळालेलं. "शिमग्यापर्यंत ह्यो कलम हिरवा राहला, तं तुमची हळद," असं त्याने सांगून ठेवलं होतं. मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, द्यायची ऐपत नसली की पोराने सासऱ्याच्या घरी राबायचं आणि मग लग्न करून वेगळं व्हायचं, ही डोंगरातली रीत. सोन्याचं राबून कधीच झालं होतं. पण लेक घरातून जाणार म्हटलं की ढवळूलाच हुडहुडी भरायची. म्हणून गेल्या साली गाभण म्हैस आडवी आली आणि यंदा आंबा.

त्याची लेक सुकरी हंडा घेऊन आली. तिने कलमाच्या बुंध्याशी पाणी ओतलं आणि खापराकडे बघितलं.

"येवढी जवळ आग? त्याला ऊब पायजे का चटका?"

"नी गारठला तं?" सोन्या म्हणाला. "आनखी एक साल?"

सुकरीला हसू आलं. खापर मागे ओढायला ती वाकलीसुद्धा, पण तिने ते ओढलं नाही. आणखी एक साल तिलाही नकोच होतं.

उजाडता उजाडता घरात धूर शिरला. खोप पेटली होती. सोन्या उघड्या अंगाने धावला आणि जळता पेंढा हातांनीच ओढून फेकू लागला. सुकरीने हंडाभर पाणी ओतलं. आग विझली तेव्हा कलमाची एका बाजूची सगळी पानं करपून लोंबत होती.

सोन्या मटकन खाली बसला. सुकरीने त्याचे भाजलेले तळवे आपल्या ओल्या पदरात धरले. दोघांपैकी कुणीच वर बघेना.

ढवळू आला. त्याने नखाने कलमाची साल खरवडली. आत ओलं, हिरवं होतं. झाड जगणार होतं. पण करपलेली पानं समोर होती, आणि लग्न लांबवायला याहून आयतं निमित्त त्याला मिळालं नसतं. तो बोलायला वळला आणि त्याला लेकीचा पदर दिसला. बराच वेळ तो तिकडेच बघत राहिला.

"फागे," त्याने दारात उभ्या असलेल्या बायकोला हाक मारली, "हळद कांडायला घे. ह्याला आनखी एक साल ठेवला, तं ह्यो माजा घर जाळल."