बाबांच्या डोक्यावरचा दिवा

पक्षाघातानंतर बाबांची मान वळेना, जीभ हलेना, पापण्याही धड मिटेनात. मुलाने त्यांची खोली नव्याने सजवून घेतली आणि पलंगावर, बरोबर चेहऱ्याच्या वर, महागडा दिवा टांगला. एक काळी वायर आणि टोकाला उघडा बल्ब.

"शेड कशाला? साधेपणातच क्लास असतो," डिझायनरबाई म्हणाल्या.

दिवा लागला आणि बाबांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"मुलाने एवढं केलं म्हणून भरून येतं हो त्यांना," असं म्हणत सून येईल त्याला दिवा लावून दाखवायची.

सहा महिन्यांनी बल्ब उडाला. त्या दिवशी बाबांचे डोळे कोरडे होते.



"बाबांचा चेहरा पडलाय गं आज," म्हणत मुलगा तसाच दुकानात गेला आणि दुप्पट उजेडाचा बल्ब घेऊन आला.