मॉरिसची घुंगरं

गारखेड्यातल्या हॉलमध्ये सुलेखा मॅडम गॅदरिंगसाठी मुलींचा मॉरिस बसवत होत्या. हा इंग्लंडमधल्या खेड्यांतला नाच. पोटऱ्यांना घुंगरं, हातात पांढरे रुमाल.

नाच थांबला, तरी घुंगरं वाजत राहिली.

मॅडमचा संशय मागच्या रांगेतल्या खोडकर युसरावर गेला. त्यांनी सगळ्यांची घुंगरं सोडायला लावून पिशवीत बांधली. मुली पुन्हा नाचल्या. पायांत काही नसतानाही घुंगरं ठेक्यात वाजली.

"युसरा, बस झाली मस्ती!"

"मी नाय मॅडम, खरंच."

मॅडमनी खाली बसून तिचे पाय घट्ट धरले. त्यांतून आवाज येत नव्हता, तरी घुंगरं वाजतच होती.

युसरा रडवेली झाली. "मॅडम, आता तुम्हीच थांबवा ना."

"मी?"

मॅडम उठून एक पाऊल मागं सरकल्या. त्यांच्या अनवाणी पायांत छुम् वाजलं.

त्या जागीच थिजल्या. घुंगरं मात्र पुढची पावलं टाकत राहिली.