टोपीतला खळगा

झोपतानाही टोपी न काढणाऱ्या बँडमास्तरांना डॉक्टरांनी ती काढायला लावली आणि बायकोपासून लपवलेलं कपाळावरचं टेंगूळ उघडं पडलं. “कधीपासून आहे हे?” डॉक्टरांनी विचारलं. “महिनाच झालाय,” बायकोकडे न बघता मास्तरांनी थाप मारली. डॉक्टर गंभीर झाले. “हाड इतक्या झपाट्याने वाढत असेल, तर लक्षण बरं नाही.” मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने टेबलावरची टोपी उचलून अस्तर उसवलं. आतल्या कापसात बोराएवढा खळगा कातरलेला होता. “ही मी लेकीच्या लग्नासाठी शिवली. आता नातू शाळेत जातो.” डॉक्टरांनी खळगा चाचपला, मग टेंगूळ. त्यांना हसू फुटलं. “वर्षानुवर्षं तेवढंच? मग हाडाची साधी गाठ आहे. खुपत असेल तर काढू, नाहीतर राहू द्या.” मास्तर बायकोकडे वळले. “तुला ठाऊक होतं?” “मग टोप्या काय आपोआप बसत होत्या?”