वरचं दोन बोटं सूत

लूमवाल्यानं पोतं टेबलावर उपडं केलं आणि सुताचे सात कोन सूतगिरणीच्या वाइंडिंग खात्याच्या फरशीवर घरंगळत गेले. एक थेट थोरलीच्या पायाशी येऊन थांबला. माल ओळखीचा होता, वास नव्हता. बंद कपाटात महिनाभर राहिलेल्या ओल्या टॉवेलचा वास.

"वरून बघा तर नवरी, आत बघा तर मोरी!" लूमवाला म्हणाला. "पाऊण तास धागा बरा चालतो, मग काळे ठिपके सुरू. वजनानं सूत घेतलं मी, पाणी नाही. जेवढं पाणी भरलंय तेवढं सूत कुणाच्या घशात गेलं?"

प्रत्येक कोनाच्या पोटात तपासणीची चिठ्ठी होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर थोरलीची सही. दोघी जावा याच खात्यात होत्या. थोरली तपासणीच्या टेबलावर, धाकटी खिडकीजवळच्या मशीनवर.

सुतात शंभराला साडेआठ भाग ओल चालते. कमी झाली तर धागा तुटतो, जास्त झाली तर गिऱ्हाईक. ओल मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं त्याला दोन वर्षं झाली होती आणि कुणाला त्याची आठवण येत नव्हती, कारण थोरलीचा गाल होता. ती कोन गालाला लावायची, दोन श्वास थांबायची आणि "जाऊ दे" नाहीतर "वाळू दे" म्हणायची. एकोणीस वर्षांत गाल चुकला नव्हता. खात्याचे मास्तर तो पाहुण्यांना कौतुकानं दाखवत. पगारवाढीच्या यादीत मात्र तो त्यांना कधी दिसला नाही.

"तुमचाच गाल, तुमचीच सही," मास्तर आता म्हणाले. "मालकांना मी काय सांगू, ताई? एक तर तुम्ही झोपला होता, नाहीतर जागेपणी केलंत. दोन्हींत घरीच बसावं लागणार."

थोरलीनं पायाशी आलेला कोन उचलून गालाला लावला. कोरडा. बरोबर साडेआठ. तिनं तो रिकाम्या मशीनवर बसवला, धागा दुसऱ्या कोनावर घेतला आणि मशीन चालू केलं.

"ताई, कशाला उसवत बसता?" धाकटी खिडकीकडून ओरडली. "चुकलं म्हणा, मास्तर सांभाळून घेतील."

थोरलीनं पळत्या धाग्यावर एक बोट ठेवलं होतं. मागापेक्षा हे मशीन भराभर उसवायचं, तरी दहाएक मिनिटं काहीच झालं नाही. बाकीच्या बायकांचे हात चालू होते, कान त्याहून जोरात. मग बोटाखालचा धागा एकदम गार झाला. तिनं मशीन बंद केलं, धागा वीतभर मागे ओढला, आणखी वीतभर, आणि थांबली. कोरडं सूत जिथं संपत होतं आणि ओलं जिथं सुरू होत होतं, नेमकी तिथं एक गाठ होती.

अर्धा कोन भिजवून त्याच्यावर कोरडं सूत चढवलं होतं. थोरलीनं उसवलेल्या थराची जाडी कोनाच्या टोकाशी बोटं लावून मोजली. दोन बोटं. ना कमी, ना जास्त.

जेवणाच्या सुट्टीत एकाच डब्यातून खाताना तीच एकदा म्हणाली होती, "अगं, माझ्या गालाला वरचं दोन बोटं सूतच कळतं. त्याच्याखाली बेडूक बसला तरी पत्ता लागायचा नाही." धाकटीला तेव्हा इतकं हसू आलं की ठसका लागला. थोरलीनंच तिची पाठ थोपटली होती. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

मास्तरांनी चष्मा चढवून गाठ पाहिली. "शेपटं उलट्या बाजूला. डाव्या हाताची गाठ." त्यांचा आवाज मोकळा झाला. "म्हणजे झोपला नव्हतात, ताई."

थोरलीचा उजवा अंगठा अर्धाच होता. उरलेला अर्धा मशीननं घेतला तेव्हापासून ती गाठ डाव्यानं मारायची.

"डावी गाठ मी शिकवलेलीही आहे, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते खिडकीकडे बघत नव्हते आणि न बघण्याचे त्यांना बरेच कष्ट पडत होते. त्या खिडकीच्या वाऱ्यासाठी बायका वर्षानुवर्षं नंबर लावून बसल्या होत्या. मागच्या महिन्यात मास्तरांनी ते मशीन अचानक धाकटीला दिलं. का, हे कुणी विचारलं नाही. थोरलीनं तर नाहीच. घरी जाऊन तिनं अभिमानानं सगळ्यांना सांगितलं होतं.

आता सगळं खातं थोरलीकडे बघत होतं. धाकटी एकटी मान खाली घालून मशीनशी झटत होती. तिचा धागा तुटला होता. गेली सात वर्षं ती तुटलेला धागा डाव्या हातानं, बोलता बोलता, न बघता जोडायची. आज ती उजव्या हातानं गाठ मारत होती. गाठ सुटली. तिनं परत मारली. परत सुटली.

थोरली जाऊन तिच्यामागे उभी राहिली. हातात उसवलेला कोन होता. लूमवालाही पुढे आला. एकेक करून मशीनं थांबली आणि धाकटीच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

तिसऱ्यांदा गाठ सुटली.

"डाव्यानं मार," थोरली म्हणाली. "शिकवलीय तशी."