समाप्तीचा अध्याय

शास्त्रीबुवांनी आवाज चढवला, तो देवळाच्या दारातलं कण्हणं कानांवर येऊ नये म्हणून. रस्त्याच्या कामावरचा एक मजूर वैशाखाच्या उन्हात पायरीवर कोसळला होता आणि पाणी मागत होता. सात दिवसांच्या पारायणाचा हा शेवटचा अध्याय. मध्येच कुणी उठलं तर पारायण मोडतं, हे बुवांनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं. श्रोत्यांची चुळबुळ चालली होती, पण जागचं कुणी हलेना.

अध्याय होता प्राणिमात्रांत देव पाहण्याचा. बुवांना तो तोंडपाठ. 'दहाच ओव्या राहिल्यात, तेवढ्यात काय होतंय,' असं मनाशी म्हणत त्यांनी वेग वाढवला. दारातलं कण्हणं थांबलं.

तेवढ्यात देवळाची झाडलोट करणारी ठकूबाई उठली. तिला अक्षरओळखही नव्हती. तरातरा पुढे येऊन तिने पोथीसमोरच्या कलशावरचा नारळ बाजूला ठेवला आणि कलश उचलला.

"अगं, कलश हलवलास! सात दिवस फुकट घालवलेस!" बुवा कडाडले.

"पाणी यातच हाय, बुवा," म्हणत ती दाराकडे धावली.

बुवांनी पोथीत पाहिलं. अक्षरं समोर होती, पण तोंडातून ओवी फुटेना. एकाएकी त्यांनी पोथीचं लाल वस्त्र ओढलं, धावत जाऊन कलशात भिजवलं आणि मजुराच्या कपाळावर ठेवलं. बऱ्याच वेळाने त्याच्या पापण्या हलल्या.

"बुवा, अध्याय राहिला की!" आतून कुणीतरी ओरडलं.

मजुराचं डोकं मांडीवर घेत बुवा म्हणाले, "आत्ता कुठे सुरू झालाय."