टिपलेली चौदा विमानं

"तिकिटं परत करून टाका," खदिजा म्हणाली.

मुनाफ तिच्याकडे बघतच राहिला. एक्क्याण्णवचा जानेवारी. इराकला दिलेली मुदत दोन दिवसांत संपत होती. आखातात, मनाम्यातल्या त्यांच्या इमारतीवरून लढाऊ विमानं दिवसभर घरघरत होती. मुंबईची ही दोन तिकिटं मिळवायला त्याने सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या, अर्ध्या तिकीट एजंटांचे उंबरे झिजवले होते. एक खदिजाचं, एक चार वर्षांच्या लाईबाचं. त्याला स्वतःला सित्राच्या रिफायनरीतून रजा मिळणार नव्हती, आणि त्याचे वडील अलीमियाँ मुलाला सोडून हलायला तयार नव्हते.

"लढाई लागली म्हणजे?"

"अब्बा हायत ना."

महायुद्धात अलीमियाँ हिंदी हवाई दलात होते, बर्माच्या आघाडीवर. त्याबद्दल ते बोलत नसत. कुणी फारच खोदून विचारलं, तर "चौदा विमानं टिपली मी," एवढं सांगून उठून जात. तेवढ्यावर गावाकडे अख्ख्या दाभोळात त्यांचा दबदबा होता. इथे इमारतीतले लोकही त्यांचा चेहरा बघून लढाईचा अंदाज बांधू लागले होते. आणि खदिजा मुळातच भित्री. नवऱ्यापेक्षा तिचा सासऱ्यांवर जास्त भरवसा.

तरी तिने विचारून घेतलं. "अब्बा, आमी ऱ्हावू?"

"तुमी असलात तर मना बरा," ते म्हणाले.

एवढा मोठा माणूस, पण बोलणं किती साधं, असं तिला वाटलं.

तिकिटं परत गेली. वरच्या मजल्यावरची साताऱ्याची सुरेखा टपूनच बसली होती. तिने ती लगोलग घेतली आणि लेकीसह निघूनही गेली. मग मुंबईची विमानं बंद झाली.

लढाई लागली त्या आठवड्यात एका दुपारी भोंगा वाजला. मुनाफ शिफ्टवर होता. विषारी वायूच्या धास्तीने खदिजाने दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले आणि लाईबाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली. विमानं इतकी खालून गेली की काचा थरथरल्या. पोरगी रडायला लागली. अलीमियाँ येऊन सुनेला अगदी खेटून बसले.

"अब्बा, ही आपली का त्यांची?"

"मना काय म्हायत."

"आवाजावरनं कलत नाय तुमाना?" खदिजाचा धीर सुटत चालला होता. "चौदा विमानं पाडलीत तुमी."

"पाडली?" अलीमियाँनी तिचा हात घट्ट धरला. "मी कारकून होतो गो. सकाली आपली विमानं जायची. जी परत नाय यायची, त्यांचे नंबर वहीत टिपायचो."